सिस्टर, तुमच्या वहीतल्या शेवटच्या रकान्यासाठी

प्रिय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझी वर्षाची तपासणी झाली आणि एचपीव्हीची, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची, चाचणी निगेटिव्ह आली. रिपोर्ट तुमच्या टेबलावर ठेवला तेव्हा तुम्ही आधी ती जाडजूड वही काढलीत, माझ्या ओळीवर बोट ठेवलंत आणि शेवटच्या रकान्यात हिरव्या पेनाने बरोबरची खूण केलीत. मला तेव्हा खूप काही बोलायचं होतं. पण बाहेर बाकावर चौघी-पाचजणी बसल्या होत्या, आणि माझा गळाही दाटून आला होता. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण त्या बाकावर अजून न आलेल्या बायकांपर्यंतही ते पोहोचावं असं वाटतं.

तुमच्या वहीत नाव, वय, फोन, तपासणीची तारीख, निकाल असे रकाने आहेत. शेवटचा रकाना अगदी अरुंद, त्यावर 'परत आली?' एवढंच. माझ्या ओळीत त्या चिमुकल्या जागेत तीन तारखा कोंबलेल्या आहेत, तुमच्या तीन फोनच्या. पहिल्या वेळी मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगून फोन ठेवला. ते खोटं होतं. दुसऱ्या वेळी उचललाच नाही. तिसऱ्या वेळी तुम्ही दुसऱ्याच नंबरवरून केलात आणि म्हणालात, "उद्या मी सहापर्यंत आहे. तपासणी नको असेल तर करू नका, नुसत्या येऊन बोलून जा."

मी का टाळत होते, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझी मावशी याच आजाराने गेली. पाळी बंद होऊन सहा वर्षं झाल्यावर तिला पुन्हा अंगावरून जायला लागलं, आणि ते तिने आठ महिने अंगावर काढलं. या वयात हे कुणाला सांगायचं, असं तिला वाटायचं. निदान झालं तेव्हा तिसरी स्टेज होती. पाच आठवडे रोज रेडिएशन, आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाइन, मग आतून रेडिएशन देतात ती ब्रॅकीथेरपी. तिच्यासोबत बसायला मी जायचे. त्या उपचारांनी कितीतरी बायका बऱ्या होतात हे आज मला माहीत आहे, पण मावशी झाली नाही. तेव्हापासून 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' हे शब्द कानावर पडले की मला तो वॉर्डच दिसायचा. तुमच्याकडे एचपीव्ही पॉझिटिव्ह आल्यावर मी मनातल्या मनात स्वतःला त्या वॉर्डात नेऊन ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट लाजेची होती. निकालाचा कागद मी आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवला होता. हा शरीरसंबंधातून येणारा विषाणू आहे, एवढं एकच वाक्य तिथे ऐकवलं गेलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी घरी आले ती लग्नाची सगळी वर्षं उकरत. नवऱ्याशी चार दिवस धड बोलले नाही.

तुम्ही त्या संध्याकाळी दार लावून घेतलंत आणि पहिल्यांदा तेच बोललात. शरीरसंबंध येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईला आणि पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतो. बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. तो केव्हा आला हे कुणालाच सांगता येत नाही, दहा वर्षांपूर्वीचाही असू शकतो. "यावरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवायचं नाही, स्वतःच्या तर मुळीच नाही." माझ्या खांद्यावरून मणाचं ओझं उतरलं. त्या रात्री मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मग दोघंही रडलो.

आणि तुम्ही मला वेळेचा हिशोब समजावलात, जो मला आधी कुणीच सांगितला नव्हता. ज्यांच्यात हा विषाणू ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही पेशी बिघडून कर्करोग व्हायला बहुधा 15 ते 20 वर्षं लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीवर उपचार चालू नसतील, तर 5 ते 10. मावशीच्या वॉर्डापर्यंतच्या वाटेवर इतकी वर्षं मोकळी असतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून बघतात त्या कॉल्पोस्कोपीच्या वेळी तुम्ही माझ्या उशाशी उभ्या होतात. डॉक्टरांनी कापसाने ॲसेटिक ॲसिड लावलं, त्याचा व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. "आता एक मिनिट थांबायचं," तुम्ही कानाशी म्हणालात आणि घड्याळाकडे बघत राहिलात. मग स्क्रीन माझ्याकडे वळवलात. गुलाबी गोलावर एका बाजूला चुन्याचं बोट टेकवावं तसा पांढरा डाग उमटला होता. तो बघून मी घाबरेन असं वाटलं होतं, उलट जीव शांत झाला. शत्रू नखाएवढा होता आणि एका जागी होता. बायॉप्सीत सीआयएन 3 निघालं. कर्करोग नव्हे, त्याच्या अलीकडची शेवटची पायरी. पुढच्या पंधरवड्यात ती जागा बधिर करून विजेच्या बारीक तारेने तेवढा भाग काढला. संध्याकाळी मी घरी होते.

तुमचे ते तीन फोन आले नसते तर काय झालं असतं, हे मला नंतर वाचताना कळलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका रुग्णालयात 1960 च्या दशकापासून, माझ्यासारखंच निदान झालेल्या काही बायकांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत राहिले होते. बायकांना त्याची कल्पनाही दिली नव्हती. 1987 मध्ये दोन महिलांनी ते मासिकातून उघडकीला आणलं आणि न्यायालयीन चौकशी झाली. त्या नोंदी 2008 मध्ये नव्याने तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं, की नीट उपचार न झालेल्यांपैकी सुमारे 31 टक्के जणींना 30 वर्षांत कर्करोग झाला होता. नीट उपचार झालेल्यांत हे प्रमाण एक टक्काही नव्हतं. त्या बायकांचे चेहरे मला माहीत नाहीत, पण मी काय टाळलं याचा आकडा त्यांनी भोगून दिलेला आहे. त्यांचेही आभार मानायचे तर कुठे मानू?

तसंच अमेरिकेतल्या हेनरिएटा लॅक्सचं. 1951 मध्ये बाल्टिमोरला ती याच कर्करोगाने गेली, अवघी 31 वर्षांची. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या होत्या, आणि त्या प्रयोगशाळेत आजही वाढताहेत. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला एचपीव्हीचे 16 आणि 18 नंबरचे प्रकार सापडले, आणि हा 18 नंबरचा विषाणू तिच्या पेशींतही निघाला. त्या शोधाला 2008 चं नोबेल मिळालं. एचपीव्हीची लस त्याच वाटेने आली.

सिस्टर, तुम्ही नेहमी म्हणता की मी काय मोठं करते, नुसते फोन तर करते. मुंबईतल्या एका अभ्यासाबद्दल तुम्हाला ठाऊक असेलच. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवलं, त्यांनी व्हिनेगरने वस्त्यांमधल्या बायकांची तपासणी केली, आणि 12 वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र नव्हतं. त्या बायका पुन्हा पुन्हा त्याच दारात गेल्या, हे मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2030 पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं आहे: 90 टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, 70 टक्के बायकांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत चांगल्या दर्जाची तपासणी, आणि दोष सापडलेल्या 90 टक्के जणींवर उपचार. लस आणि तपासणीबद्दल सगळे बोलतात. तिसरा आकडा मात्र तुमच्या शेवटच्या रकान्याचा आहे. 2022 मध्ये जगभरात साडेतीन लाखांच्या आसपास बायका या आजाराने गेल्या, त्यातल्या शंभरातल्या 94 गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. त्यांच्यात तपासणी होऊनही परत न गेलेल्या किती असतील, या विचाराने मला झोप लागत नाही.

माझ्या लेकीला बाराव्या वर्षी लस दिली. स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस पूर्ण झालेल्या मुलींमध्ये तोवर एकीलाही हा कर्करोग आढळला नाही, हे 2024 मध्ये वाचलं तेव्हा मी तिला उगाचच जवळ ओढलं होतं. तरी मोठी झाल्यावर तपासणी चुकवायची नाही, हे तिला आत्तापासून सांगून ठेवलं आहे.

आणि एक काम आहे. माझ्या वहिनी बेचाळीस वर्षांच्या आहेत, एकदाही तपासणी झालेली नाही. तुमच्याकडे नमुना स्वतःच घेण्याची सोय आहे म्हटल्यावर कशाबशा तयार झाल्या. गुरुवारी चारच्या सुमाराला त्यांना घेऊन येते. निकाल काहीही आला तरी त्यांचा फोन बंद असेल तर मला करा, माझा नंबर त्यांच्या ओळीत आधीच लिहून ठेवा.

तुमची,
तीन तारखांची पेशंट