तुझा वारा, माझं वावर

मु. दारव्हा तालुका
तान्हा पोळा

प्रिय मित्रा,

काल पोळा झाला. बैलं तोरणाखाली उभी, झडत्यांची गाणी चालू, अन् मी मोबाईलात तुझ्या कोकणातल्या हर्णैचा वारा पाहत होतो! बायको म्हणे, "समुद्र तिकडं, तुमचं काय अडलं?" जानेवारीत आठ दिवस तुझ्याकडं राहून आलो, हे खूळ सोबत आलं.

आमच्याकडं हवामान म्हणजे पाऊस. वाऱ्याची चौकशी कोण करतं? वावधन आलं, टिनं उडाली, की मग बोलायचं. तुमच्या गावात उलटं. तो शेजारचा म्हातारा तांडेल आठवतो? पहाटे ओट्यावर येऊन बिडी पेटवायचा. धूर समुद्राकडं वळला की "मतलई हाय" म्हणून आत जायचा. त्याच्या तरुणपणी शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या अन् दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. आता इंजिनं आली, पण त्याची बिडी काही सुटली नाही.

अन् माझी फजिती! "वायव्य 12 नॉट" वाचून मी म्हटलं, वारा वायव्येकडं चाललाय. तू पोट धरून हसलास. वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला, हे शाळेत शिकलो होतो बुवा, पण मोबाईलातला बाण उलटा दिसला अन् डोकं फिरलं. नॉट म्हणजे तासाला 1.852 किलोमीटर, हे मात्र आता पाठ आहे. "ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65" असा इशारा आला की तुमचे लोक पहिले आकडे सोडून शेवटचाच बघतात, तेही तिथंच कळलं. होडी उलटायला एक झोत पुरतो.

तुझ्या परसात पोफळीचे नुसते बुंधे पाहिले तेव्हा मी काही बोललो नाही. निसर्ग वादळाची तारीख, 3 जून 2020, तू घरातलं माणूस गेल्याची सांगावी तशी सांगितलीस. होड्या वर ओढता येतात. झाडं कुठं ओढणार?

आता माझं ऐक. मागच्या आठवड्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी काढली. अकराच्या सुमारास वारा फिरला अन् सगळा फवारा तोंडावर. रात्रभर डोळे चुरचुरले. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर माणसं गेली. कारणं पुष्कळ होती. डोक्याबरोबरीची पऱ्हाटी, मिसळलेली औषधं, तोंडाला साधं फडकं नाही. पण वारा कुठला आहे, हे तेव्हा मीही कोणाला विचारलं नव्हतं. आता सकाळी धुऱ्यावर उभा राहून चिमूटभर राख सोडतो. ती जाईल तिकडं पाठ करून कोणी फवारायचं नाही, अन् जोर वाढला की पंप खाली. गडी हसतो, "भाऊ, वाऱ्याले काय पाह्यता, आभाय पाहा." हसू दे.

अजून एक. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा झालाय म्हणतात. तो छत्तीसगडवरून आमच्या डोक्यावर आला की इकडं झड लागते, अन् तोच तुझ्याकडचा पश्चिमेचा वारा ओढून जोर वाढवतो. इतकी वर्षं वाटायचं, तुझा समुद्र वेगळा, माझं वावर वेगळं. ऑगस्टपासून मासेमारीची पावसाळी बंदी उठली असली तरी तुझ्या पत्रात "होड्या आज गेल्या नाहीत" दिसलं, की मी समजीन, आपली फवारणी बुडाली.

तुरीची डाळ एसटीनं पाठवतोय, दोन पायल्या. सुकटीचा डबा रिकामा झाला, हे वहिनींच्या कानावर घाल. तांडेलबाबांना नमस्कार, अन् बिडी कमी करा म्हणावं.

तुझा,
वऱ्हाडी