आई-बाबा, तुमचं गाडीचं तिकीट मी बदललंय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवरच सांगणार होते, पण बाबांचा आवाज इतका खुशीत होता की जीभ रेटली नाही. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही काढलेलं इथलं जर्मनीतलं, फ्रँकफुर्ट विमानतळ ते माझ्या फ्रायबुर्गचं रेल्वेचं तिकीट राहू दे. मी दुसरं काढलंय. सव्वासहाला विमानातून उतरून सव्वासातची गाडी धरायची नाही. साडेनऊच्या सुमाराची धरायची. आधी पत्र पूर्ण वाचा, मग रागवा.

तुम्ही वहीत आखलेला तक्ता मी मोबाइलवर मोठा करून करून पाहिला. विमानतळ, पासपोर्ट, सामान, फलाट, प्रत्येकापुढे मिनिटं आणि खाली लाल पेनने अधोरेखित केलेलं ‘शिल्लक 10’. या वयात तुम्ही स्वतः ॲपवर जाऊन परदेशातलं तिकीट काढलंत, मी शेजारच्या मैत्रिणीलाही दाखवलं. हिशोबात चूक नाहीच. पण तो तुमच्या चालीचा हिशोब आहे, बाबा. त्यात आईचा गुडघा धरलेला नाही.

आणि सव्वासहा म्हणजे विमान दाराला लागण्याची वेळ. तुमच्या जागा मागच्या बाजूला. पुढचे सगळे उतरेपर्यंतच पंधरा-वीस मिनिटं जातात. मग लांबलचक चाल, मग पासपोर्टची रांग. 12 ऑक्टोबर 2025 पासून इथे आपल्यासारख्या बाहेरच्या प्रवाशांची नोंद संगणकावर करायला सुरुवात झाली, पासपोर्टवर नुसता शिक्का मारून सोडण्याची पद्धत मागे पडतेय. चेहऱ्याचा फोटो घेतात, बोटांचे ठसे ताडून पाहतात. आधारच्या वेळी आईचे ठसे उमटेनात, तीन फेऱ्या झाल्या होत्या, आठवतं ना? तसं इथे झालं तर मागे गाडीची घाई नको. आई, आजपासून रोज रात्री बोटांना क्रीम लाव. विसरू नकोस.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. मागच्या वर्षी तुमच्याकडून परत येताना माझी गाडी चुकली. विमान वेळेवर होतं, पण सामानाच्या पट्ट्यापाशी पन्नास मिनिटं उभी राहिले. धावत फलाटावर पोहोचले तेव्हा गाडीचे मागचे लाल दिवे दिसत होते. इथे वेळेच्या थोडं आधीच दारं बंद होतात, हात दाखवून कोणी थांबत नाही. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. आधीच्या गाडीला उशीर होऊन पुढची चुकली तर रेल्वे ती अट सोडते, पण विमान आणि गाडी वेगवेगळी काढलेली असली तर विमानाचा उशीर आपल्या माथी. मी पुन्हा पूर्ण पैसे भरून तिकीट काढलं. पैशांचं काही नाही. पण त्या बाकावर बसून मला रडू आलं होतं, आणि मला तरी भाषा येते. तुम्ही दोघं त्या बाकावर बसलेले मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

खरं तर विमान काढतानाच त्याला जोडून गाडीचं तिकीट घेण्याची सोय होती, ते मला तेव्हा सुचायला हवं होतं. ती चूक माझी. आता घेतलेलं तिकीट त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं. साडेनऊची चुकली तर पुढची, तीही चुकली तर त्याच्या पुढची. बाबा, तुमचे पैसे परत मिळत नाहीत, त्या तिकिटाला ती सोयच नसते. जाऊ दे. तुम्ही मला चौथीच्या सहलीला दोनदा पैसे भरून पाठवलं होतंत, तेव्हा काढला होता का हिशोब?

मी स्वतः न्यायला यायला हवं होतं. रोज रात्री हेच मनात येतं. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय आणि या दिवसांत तुमचा जावईही मला सोडून दोन तासांवर जायला तयार नाही. तो फ्रायबुर्गच्या फलाटावर तुमच्या डब्यासमोर उभा असेल, त्याची काळजी नको.

आई, तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगितली आहे. चिडू नकोस. तू आजारी आहेस म्हणून नाही, तो विमानतळ अवाढव्य आहे म्हणून. निदान 48 तास आधी कळवावं लागतं, ते मी केलंय, त्याचे पैसे पडत नाहीत. खुर्ची घेऊन येणारा माणूस वाट दाखवेल, बाबांनी सोबत चालायचं. पुढे धावायचं नाही.

आता नीट लक्ष द्या. पासपोर्ट, विम्याचा कागद, माझं निमंत्रणाचं पत्र आणि परतीचं तिकीट बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत, बॅगेत नाही. बाबांची रक्तदाबाची गोळी आणि आईचं गुडघ्याचं मलमही त्याच पिशवीत. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असेल. सकाळची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आत्ताच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या. तुपाचा डबा आणायचा नाही, आई. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला इथे बंदी आहे. मुलीच्या बाळंतपणाला घरचं तूप नाही म्हणून तुला वाईट वाटेल, ठाऊक आहे. इथे बिनमिठाचं लोणी छान मिळतं. तू आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात कढव, मी शेजारी बसून वास घेईन.

बाहेर आलात की स्टेशनं दोन आहेत, तिथे गफलत होते. तुमच्या टर्मिनलच्या खालीच 1 ते 3 फलाट आहेत, ते जवळपासच्या गाड्यांचे. आपल्याला लांब पल्ल्याचं स्टेशन हवं, फलाट 4 ते 7. पाटीवर ‘फेर्नबानहोफ’, म्हणजे ‘एफ’पासून सुरू होणारा शब्द. टर्मिनल 1 मधून पुलावरून आत जाता येतं, रस्ता ओलांडावा लागत नाही. बॅगा घेऊन सरकत्या जिन्यावर चढू नका, लिफ्टच घ्या. वेळ आहे म्हणून फलाटावर जाऊन बसू नका, खाली गारठा असतो. वर थांबा, चहा प्या, बिस्किटं खा. गाडीला वीस मिनिटं राहिली की उतरा. बोर्डावर मोठ्या अक्षरांत फ्रायबुर्ग दिसेल असं नाही. गाडी बहुधा पुढे स्वित्झर्लंडात बाझेलला जाते, तेच नाव मोठं असतं. गाडीचा नंबर जुळवा. फलाटावर अक्षरांच्या पाट्या आहेत, तुमचा डबा ज्या अक्षरापाशी लागतो तिथेच उभे राहा. गाडी मोजकीच मिनिटं थांबते. आधी आई चढेल, मग बॅगा, मग बाबा. समोरासमोरच्या जागा घेतल्यात, मध्ये टेबल आहे.

आणि बाबा, गाडी यायच्या आधी पाणी आणायला, फोटो काढायला, कशालाही कुठे जायचं नाही. आईला एकटीला बसवून तर मुळीच नाही. मी सहा वर्षांची होते. गाडी सुटली आणि तुम्ही फिरकीचा तांब्या घेऊन खालीच राहिलात. मागच्या डब्यात चढलात हे आम्हाला पुढचं स्टेशन येईपर्यंत कळलं नव्हतं. तेवढा वेळ आई एक शब्द बोलली नाही. तांब्याचं झाकण तिने मुठीत असं धरलं होतं की तळहातावर त्याचे आटे उमटले होते. मी ते बोटाने चाचपून पाहिले होते.

तीन तास फार वाटतील तुम्हाला. वाटू देत. एकमेकांशेजारी बसा आणि पोहोचल्यावर मला फोन करा, विमानतळावर वायफाय फुकट आहे.

आई, ते झाकण अजून आहे का गं तुझ्याकडे? तूप राहू दे, ते आण.

तुमची,
मनू