घड्याळाच्या खोक्यावर बॅटरीचं आयुष्य छापा

केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या एका बोळात घड्याळ दुरुस्तीचं दुकान चालवतो. वडिलांच्या हाताखाली शिकत होतो तेव्हा काउंटरवर एचएमटीची चावीची घड्याळं यायची. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ आली, आता स्मार्टवॉच येतात. आधीच्या दोन्ही प्रकारांत गिऱ्हाइकाला ‘संध्याकाळी घेऊन जावा’ असं सांगता येतं. स्मार्टवॉच पुढ्यात आलं की बहुतेक वेळा ‘ह्याचं काही होणार नाही’ असं सांगावं लागतं. घड्याळ दीड-दोन वर्षांपूर्वीच घेतलेलं असतं. काच शाबूत, पट्टा शाबूत, डिस्प्ले शाबूत. फक्त सकाळी पूर्ण चार्ज करून घातलेलं घड्याळ दुपारी जेवायच्या आत बंद पडतं.

माझी मागणी सुरुवातीलाच सांगतो. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक स्मार्टवॉचच्या खोक्यावर, एमआरपीच्या शेजारी आणि तेवढ्याच ठळक अक्षरात, बॅटरीचं आयुष्य छापलेलं असावं. किती वेळा चार्ज केल्यावर ती मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, बदलून मिळते की नाही, मिळत असेल तर किती रुपयांत आणि कोणत्या वर्षापर्यंत, एवढंच. घ्यायचं की नाही ते मग गिऱ्हाईक ठरवेल.

लिथियम बॅटरी झिजते यात कुणाचा दोष नाही, तो तिचा धर्मच आहे. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता वीसेक टक्क्यांनी उतरते, उष्णतेत आणखी लवकर. मोबाईलमध्ये चार-पाच हजार एमएएचची बॅटरी असते, म्हणून ही घट काही काळ खपून जाते. घड्याळात बॅटरी असते दोनशे-तीनशे एमएएचची. त्यातून कॉलिंग चालू, स्क्रीन सतत उजळलेली, म्हणजे रोज रिकामी आणि रोज चार्जला. वर्ष-दीड वर्षात ती आपली मर्यादा गाठते. आणि वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते. हा हिशेब घड्याळ बनवणाऱ्याला आधीपासून माहीत असतो. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्यालाच तो कुणी सांगत नाही.

बरं, बॅटरी झिजली तर बदलावी. माझं काम तेच आहे. पण ही घड्याळं उघडण्यासाठी बनवलेलीच नसतात. मागं स्क्रू असला तर नशीब, नाहीतर सगळा कारभार गोंदावर. गरम हवा देऊन गोंद सैल करायचा, पातळ पत्ती सरकवून डिस्प्ले हळूहळू उचलायचा. खाली तो नाजूक फ्लेक्स केबलने बोर्डाला जोडलेला असतो, जरा जास्त उचलला की केबल तुटली आणि घड्याळ कायमचं गेलं. बॅटरी दुहेरी टेपने तळाशी चिकटवलेली असते. ती उपसताना पत्तीचं टोक लागलं तर धूर येतो, आगही लागू शकते. हे सगळं निभावलं तरी नवी बॅटरी आणायची कुठून? कंपनी ती सुटी विकत नाही. मग लांबी, रुंदी, जाडी मोजून त्या मापाची बिननावाची बॅटरी मागवायची. ती कुणी बनवली, सुरक्षिततेची तपासणी झाली की नाही, काही कळत नाही. शेवटी बी ७००० गोंद लावून घड्याळ बंद करायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की आता याला पाणी लागू देऊ नका. इतकी जोखीम घेऊन दोन हजारांच्या घड्याळावर मी मजुरी किती लावणार? म्हणून ‘नाही’ म्हणतो. कोल्हापुरातले बरेच कारागीर ‘नाही’च म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही.

घड्याळ असं चिकटवावं का लागतं, तर पाण्यासाठी, असं उत्तर मिळतं. घड्याळजी म्हणून या उत्तराबद्दल मला बोललंच पाहिजे. पाण्यात शंभर-दोनशे मीटर खोल चालणारी क्वार्ट्झ घड्याळं कित्येक दशकं बनत आली आहेत. त्यांच्या मागच्या झाकणाला आटे असतात आणि आत रबरी रिंग असते. झाकण फिरवून काढायचं, सेल बदलायचा, रिंग नवी घालायची, दाब तपासून परत द्यायचं. कॅसिओचं एफ-९१ डब्ल्यू हे साधं डिजिटल घड्याळ १९८९ पासून विकलं जातंय. त्याच्या पाठीला चार स्क्रू आहेत, आत कुठंही मिळणारा गोल सेल आहे आणि तो सुमारे सात वर्षं चालतो. ते दोनशे मीटरचं घड्याळ नव्हे, पण हात धुताना, पावसात त्याला काही होत नाही. मान्य आहे, स्मार्टवॉचमध्ये सेन्सर असतात, माईक असतो, चार्जिंगच्या पिना असतात, ते बनवणं अवघड आहे. पण अवघड असणं आणि अशक्य असणं यात फरक आहे. ठरवलं तर झाकण उघडता येईल असं घड्याळ बनवता येतं.

शिवाय ज्या पाण्यासाठी एवढी चिकटवाचिकटवी, त्या पाण्याचीही हमी पूर्ण नसते. खोक्यावर लिहिलेली आयपी ६८ ही पाणी आत न जाण्याची चाचणी स्वच्छ, स्थिर पाण्यातली. घाम, साबण, आंघोळीचं गरम पाणी, पंचगंगेत मारलेली उडी यांतलं काही तिच्यात धरलेलं नाही. जाहिरातीत पोहणारा माणूस दिसतो आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरात पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. अशी घड्याळं मी माझ्या काउंटरवर पाहिली आहेत.

याचा फटका कोणाला बसतो तेही सांगतो. पहाटे शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पळताना दिसतील. १६०० मीटरला किती वेळ लागला, नाडी किती वाढली, हे पाहायला त्यांना घड्याळ लागतं. राधानगरी तालुक्यातला असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. घरात दोन म्हशी, दहा दिवसांचं दुधाचं बिल येतं त्यातून आईने पैसे बाजूला काढून घड्याळ घेऊन दिलेलं. वर्ष संपायच्या आतच ते तासाभरात बंद पडायला लागलं. त्याने खोक्यावरच्या नंबरला फोन केला, तिथं हिंदी-इंग्रजीत रेकॉर्ड केलेला आवाज. ॲपमधून तक्रार टाकली, तक्रार क्रमांक आला आणि पुढं काहीच नाही. पुन्हा लिहिलं तर तीच प्रश्नावली पहिल्यापासून. बिलाचा फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा. मग उत्तर आलं की तुमच्या पिनकोडवर घरून घड्याळ नेण्याची सोय नाही, पुण्याच्या केंद्रावर जा. भुदरगडच्या सीमेवरच्या वाडीतून पुणं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि जाऊन-येऊन एसटीचं भाडं. तो गेला नाही. दरम्यान वर्ष उलटलं आणि शेवटचा निरोप आला की वॉरंटी संपली आहे, नवीन घड्याळावर सूट देतो.

महोदय, ही सूट मला सगळ्यात जास्त बोचते. दुरुस्तीसाठी आलेल्या माणसाला दुसरं घड्याळ विकायचं, हीच सेवा म्हणून चालते. त्यात त्या कंपनीची बॅटरी बदलून द्यायची तयारी कधीच नव्हती हे उघड होतं. ते खोक्यावर आधी लिहिलं असतं तर त्या आईने ते घड्याळ घेतलं असतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

कायदे नाहीत असं मी म्हणत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा चांगला आहे. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी ग्राहक आयोगाकडे शुल्क भरावं लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून काहींचे पैसे परत मिळाल्याचंही मला माहीत आहे. पण दोन-अडीच हजारांच्या वस्तूसाठी कोण तारखांना जाईल? या शहराने उच्च न्यायालयाच्या बेंचसाठी चार दशकं आंदोलन केलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्किट बेंच सुरू झालं. न्याय जवळ असला पाहिजे ही गोष्ट कोल्हापूरकरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घड्याळाच्या बाबतीत तो खरेदीच्या काउंटरवरच मिळायला हवा, कारण नंतर त्याच्यामागे धावणं परवडत नाही.

आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २०११ चे पॅकबंद वस्तूंचे वैधमापन नियम आपल्याच खात्याकडे आहेत. त्यांच्यामुळेच खोक्यावर किंमत, निर्मितीचा महिना, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल छापणं बंधनकारक आहे. याच नियमांत सुधारणा करून आपण पुड्यांवर प्रति ग्रॅम किंमत छापायला लावली. तशीच एक ओळ बॅटरीसाठी वाढवा. फ्रिज, एसी, पंखा घेताना लोक आज तारे बघून घेतात, दुकानदाराला ‘पाच स्टार आहे का’ असं खेड्यातली बाईसुद्धा विचारते. छापील माहितीचा एवढा परिणाम होतो. घड्याळावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक सुरक्षिततेपुरता आहे, ते किती टिकेल याबद्दल तो काही सांगत नाही.

आपल्या विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी त्याचं पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती-सुलभता निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये दुसरी समिती नेमली, तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग वेळेत मिळतात का, स्क्रू कसले, हत्यारं कसली, अपडेट किती काळ, असे निकष त्यात आहेत. वाचून समाधान वाटलं, कारण कारागीर नेमकं हेच विचारतो. पण पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब्लेट धरले आहेत. मोबाईलची बॅटरी आजही लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत तासाभरात बदलून मिळते. जिथं ती मुळीच मिळत नाही ते घड्याळ मागं राहिलं. त्याला पहिल्या टप्प्यात घ्या.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केला की १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत. पाण्याशी संबंध येणाऱ्या काही उपकरणांना सवलत आहे, तिथेही स्वतंत्र कारागिराला तरी बॅटरी बदलता आली पाहिजे अशी अट आहे. आपल्याकडेही निदान एवढी अट घाला. कंपनीच्या केंद्रापुरती दुरुस्ती ठेवली तर जिल्ह्याच्या गावांना तिचा उपयोग नाही.

ॲपचीही बाब आहे. घड्याळ ठणठणीत असतं आणि कंपनी ॲप बंद करते, मग त्याला वेळसुद्धा नीट लावता येत नाही. पेबल ही अमेरिकेतली स्मार्टवॉच कंपनी २०१६ मध्ये बंद पडली, तेव्हा तिची घड्याळं पुढे वापरात राहिली ती स्वयंसेवकांनी सेवा उभी केली म्हणून. आपल्याकडच्या स्वस्त घड्याळांसाठी असं कोण करणार? म्हणून ॲप कोणत्या वर्षापर्यंत चालेल तेही खोक्यावर असावं. मेलेल्या घड्याळांच्या कचऱ्याबद्दल पर्यावरण खात्याचे २०२२ चे नियम आहेत, बॅटरी गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. तरीही फुगलेल्या बॅटऱ्या घंटागाडीत जाताना मी पाहतो, आणि ओल्या कचऱ्यात दाबली गेलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

आमचं गाव दुरुस्तीचं गाव आहे. इथं बाबुराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचा न मिळणारा भाग लेथवर तयार करून देणारी माणसं आजही आहेत. आमच्या पोरांना शिकायची इच्छा आहे, आणि घड्याळाच्या पेशाला पुढं दिवस राहायचे असतील तर स्मार्टवॉच दुरुस्त करता आलंच पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: तपासणी झालेली अस्सल बॅटरी सुटी विकत मिळणं, रबरी रिंग किंवा गोंदाची पट्टी मिळणं आणि उघडायची पद्धत लिहिलेला कागद मिळणं. तो मराठीत असेल तर उत्तमच.

दुकानात गिऱ्हाइकांनी सोडून दिलेली बरीच स्मार्टवॉच पडून आहेत. आपल्या विभागाला किंवा निर्देशांकाच्या समितीला उपयोग होणार असेल तर त्यांतली वेगवेगळ्या बनावटीची घड्याळं मी उघडून, बॅटऱ्या काढून, कुठला भाग का बदलता येत नाही हे प्रत्येकाबरोबर लिहून पाठवायला तयार आहे. पाठवण्याचा खर्च मी करीन. फक्त कुणाच्या नावाने पाठवायची ते कळवावं.

आपला,
घड्याळ दुरुस्ती करणारा एक कारागीर
महाद्वार रोड, कोल्हापूर