बालरुग्ण कक्षातले बेसिन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा अँटिबायोटिकच्या अतिवापरापाशीच थांबते. ते कारण खरेच आहे. पण बालरुग्ण कक्षात हे जंतू एका खाटेवरून दुसरीवर कसे पोचतात, याकडेही लक्ष हवे.

आधी बेसिन पाहा. त्याखालच्या वाकड्या पाइपात क्लेबसिएला, स्यूडोमोनास असे जंतू बुळबुळीत थर धरून राहतात. नळाची धार थेट जाळीवर पडली, की तुषारांबरोबर ते मीटरभर उडतात. नेमके तिथेच कट्ट्यावर दूध कालवले जाते, सिरिंज भरल्या जातात. ब्लीच ओतले तरी थर काही दिवसांत परत धरतो. म्हणून बेसिन फक्त हात धुण्यापुरते ठेवावे. उरलेले दूध, सलाइन त्यात ओतू नये, त्यावर जंतू पोसतात. धार जाळीच्या बाजूला पडेल असा नळ बसवावा आणि औषधे, दूध तिथून लांब तयार करावे.

दुसरा धोका हातमोज्यांचा. बाळाचे लंगोट बदललेल्या मोज्यांनीच सलाइनच्या नळीला हात लागतो, कारण मोजे घालणाऱ्याला आपला हात स्वच्छच वाटत असतो. प्रत्येक कामानंतर मोजे काढून तळहातभर अल्कोहोल द्रावण 20 ते 30 सेकंद चोळावे. अंगठा आणि नखांची टोके हमखास राहून जातात. हात मळलेले असतील किंवा मूल जुलाबाचे असेल, तर मात्र साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद. काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. साबणाची अर्धी बाटली वरून भरत राहिले, तर साबणातच जंतू वाढतात.

सेंट्रल लाइनचे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे, तोंड वापरण्याआधी जंतुनाशकाने 15 सेकंद घासून सुकू द्यावे, आणि ती नळी आज लागणार आहे का, हे रोज विचारावे. रक्तात कोणता जंतू वाढतो हे पाहणाऱ्या तपासणीसाठी (कल्चर) रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यावे. 48 तासांनी अहवाल पाहून औषध थांबवायचे की बदलायचे, ते ठरवावे. कापडी खेळणी मुलांत फिरवू नयेत. पालकांनी शेजारच्या बाळाला मायेनेही उचलू नये.

एवढे सगळे एका नर्सकडे डझनभर मुले सोपवून होणार नाही. साथ पसरली की दोष तिच्या माथी मारला जातो. आधी प्रत्येक खाटेशी, हात पोचेल तिथे, द्रावणाची बाटली लावा आणि पाळीला माणसे वाढवा.

आपले,
बालरुग्ण कक्षांत काम करणारे काही वाचक