तोरणमाळ पदभ्रमणाच्या शिदोरीबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, तोरणमाळच्या दोन मुक्कामांच्या पदभ्रमणात प्रत्येकाने आपली शिदोरी स्वतःच्या पाठीवर वाहायची असल्याने, वजनाला हलके, लवकर न नासणारे आणि पोटाला आधार देणारे पदार्थच निवडावेत. 100 ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे 570 किलोकॅलरी मिळतात. म्हणून शेंगदाणे-गुळाचे लाडू आणि लसणाची कोरडी चटणी अवश्य घ्यावी. दुधात मळलेल्या दशम्या पूर्ण गार झाल्यावरच कापडात बांधाव्यात, कारण गरम असताना डब्यात कोंडल्यास वाफेचे पाणी सुटून त्यांना लवकर बुरशी लागते. वांग्याचे भरीत आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचे असले, तरी ते पहिल्या दुपारीच संपवावे. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे खानदेशी पापड, टणक डब्यात ठेवाव्यात. रिकाम्या प्लास्टिक पिशव्या परत आणाव्यात.