‘ती ओळ डिलीट करा’ असं सांगणाऱ्या तुमच्या सपोर्ट विभागाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

दिनांक: ४ डिसेंबर २०२५

विषय: डेटाबेस सर्व्हर बावीस महिने पॅच न करणे, रिस्टोअर मशीनवरची सुरक्षा त्रुटी आणि काम न करता तिकीट तीनदा बंद करणे

महोदय,

आज दुपारी तुमच्या सपोर्टशी चौथ्यांदा बोलणं झालं. फोन ठेवून दहा मिनिटं होत नाहीत तोच ‘समस्या सोडवली’ असा मेल आला आणि तिकीट तिसऱ्यांदा बंद झालं. समस्या जिथल्या तिथे आहे, म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर काय चीज आहे ते तुम्हाला समजावून सांगत बसणार नाही. तुम्ही तेच विकता.

आमच्या पतसंस्थेचा डेटाबेस तुमच्याकडे आहे. सभासदांची नावं, पॅन, कर्जाचे हप्ते, ठेवींचे आकडे, सगळं त्यात. त्या सर्व्हरला आवृत्ती विचारली की आजही १५.६ असं उत्तर येतं. १५.६ आली ८ फेब्रुवारी २०२४ला. तेव्हापासून १५च्या शाखेत नऊ आवृत्त्या निघाल्या, शेवटची १५.१५, गेल्या १३ नोव्हेंबरला. ‘सुरक्षा पॅच लावण्याची जबाबदारी सेवादात्याची’ हे वाक्य करारात तुम्हीच घातलं आहे. ‘मॅनेज्ड’ या शब्दापायी आम्ही साध्या सर्व्हरच्या दुप्पट भाडं मोजतो ते याच वाक्यासाठी.

या नऊपैकी एकही तुम्ही लावली नाही. म्हणजे ऑगस्ट २०२४ची १५.८ नाही, जिच्यात सीव्हीई-२०२४-७३४८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक) बुजवली होती: पीजी-डम्प (डेटाबेसची प्रत, म्हणजे डम्प, फाइलमध्ये काढणारं साधन; ती प्रत परत भरणं म्हणजे रिस्टोअर) चालू असताना एखाद्याने टेबलाच्या जागी ऐन वेळी व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी साठवलेली क्वेरी) ठेवला, तर त्याचं फंक्शन डम्प घेणाऱ्याच्या अधिकाराने चालतं, आणि तुमच्याकडे डम्प सुपरयूजर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, घेतो. नोव्हेंबर २०२४ची १५.९ नाही, जिच्यात पीएल-पर्ल या डेटाबेसमधल्या भाषेतून पाथसारखे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (सर्व्हरच्या मशीनच्या सेटिंग) बदलता येण्याची त्रुटी बुजवली होती. फेब्रुवारी २०२५ची १५.११ नाही. चुकीच्या एन्कोडिंगचे बाइट पाठवून कोट करणाऱ्या फंक्शनांना चकवता येत होतं, ती सीव्हीई-२०२५-१०९४ तिच्यात दुरुस्त झाली. आणि १४ ऑगस्ट २०२५ची १५.१४ही नाही. माझी मुख्य तक्रार या शेवटच्या आवृत्तीवरून आहे.

सीव्हीई-२०२५-८७१४ आणि ८७१५. दोन्हींची तीव्रता १० पैकी ८.८. ८७१५ चं काम असं: डम्पच्या फाइलमध्ये प्रत्येक वस्तूच्या वर दोन आडव्या रेघांची कॉमेंट असते आणि त्यात वस्तूचं नाव असतं. नावातच एक नवी ओळ घुसवली, तर काही ठिकाणी ती तशीच्या तशी फाइलमध्ये उतरायची. कॉमेंट तिथे तुटते. पुढची ओळ बॅकस्लॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू झाली, की पीएसक्यूएल (डम्प वाचून सर्व्हरला पाठवणारा प्रोग्राम) ती एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची आज्ञा, म्हणून सर्व्हरला पाठवत नाही, सरळ शेलच्या, म्हणजे मशीनच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात देतं. म्हणजे ज्याला स्वतःच्या डेटाबेसमध्ये एखादी वस्तू बनवायची परवानगी आहे, तो रिस्टोअर करणाऱ्याच्या मशीनवर हवी ती कमांड चालवू शकतो. हाच प्रकार २०१२ साली एकदा बंद केला होता, ११.२० मध्ये तो चुकून परत आला. ८७१४ मध्ये मूळ सर्व्हरचा सुपरयूजर डम्पमध्येच अशा कमांड पेरू शकतो.

आता तुमचीच व्यवस्था बघा. दर महिन्याला तुम्ही आम्हाला ‘रिस्टोअर चाचणी अहवाल’ पाठवता. त्याच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसतं की सगळ्या ग्राहकांचे डम्प एकाच मशीनवर उघडले जातात, ‘पोस्टग्रेस’ नावाच्या एकाच खात्याने, १५.६ च्या पीएसक्यूएलने, डेटाबेसमध्येही सुपरयूजर म्हणून. तुमच्या शेकडो ग्राहकांपैकी एकाच्या, किंवा त्याचा पासवर्ड चोरणाऱ्याच्या मनात आलं, तर टेबलाचं नाव बदलायचं आणि रात्रीच्या रिस्टोअरची वाट बघायची. त्या मशीनवर आमचाही डम्प पडलेला असतो.

हे सगळं २२ ऑगस्टच्या पहिल्या तिकिटात मुद्देसूद लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘आपला सर्व्हर सुरळीत चालू आहे.’ तिकीट बंद. दुसऱ्या वेळी सांगितलं की नवी आवृत्ती हवी असेल तर तुम्हीच डम्प काढा, आम्ही नवा इन्स्टन्स देतो, त्यात रिस्टोअर करू, मायग्रेशनचे पैसे वेगळे. १५.६ वरून १५.१५ वर जायला डम्प लागत नाही, हो! एकाच मेजर शाखेत डेटा फोल्डरची रचना तीच राहते. पॅकेज बदलायचं आणि सर्व्हर रीस्टार्ट करायचा. रीस्टार्टच्या आधी हाताने चेकपॉइंट दिला (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवला) तर काम मिनिटभराचं. स्टँडबाय (राखीव सर्व्हर) असेल तर आधी तो पॅच करायचा, मग भूमिका बदलायच्या. तरीही वाद नको म्हणून आम्ही मुकाट्याने डम्प काढला, १५.१५ च्या पीजी-डम्पने, आणि तुमच्या पोर्टलवर चढवला.

तुमचा रिस्टोअर पहिल्याच पानावर अडला. लॉगमध्ये एरर होती ‘इनव्हॅलिड कमांड’, आणि पुढे बॅकस्लॅशसह ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द. आजचा फोन याबद्दल होता.

पलीकडचे इंजिनिअर म्हणाले, “सर, तुमची फाइल करप्ट आहे.”

मी म्हटलं, करप्ट नाही. ऑगस्टच्या दुरुस्तीनंतर पीजी-डम्प फाइलच्या सुरुवातीला रिस्ट्रिक्टची ओळ लिहितो, तिच्यापुढे दर वेळी नवी किल्ली असते, आणि शेवटी त्याच किल्लीने अनरिस्ट्रिक्ट. मधल्या भागात कुणी बॅकस्लॅशची कमांड पेरली असेल तर ती चालू नये म्हणून. तुमचं पीएसक्यूएल जुनं आहे, त्याला ही कमांड माहीतच नाही.

“सर, एक मिनिट होल्ड करा.” अकरा मिनिटं होल्ड. परत आल्यावर म्हणाले, “सर, सीनियरशी बोललो. ती ओळ डिलीट करा. फाइल नोटपॅडमध्ये उघडायची, वरची ती एक ओळ काढायची, शेवटची एक काढायची, सेव्ह करायची. मग चालेल.”

फाइल ३८ जीबीची आहे. पण ते सोडा. मी विचारलं, ती ओळ कशासाठी असते ते सीनियरनी सांगितलं का? त्यावर सीनियर स्वतः फोनवर आले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देतो: “सर, आमच्या सर्व्हरवर सगळ्यांच्या फाइली चालतात. फक्त तुमचीच चालत नाही. गुगलवर वाचून काहीतरी नवीन टाकलंय तुम्ही. जुन्या पद्धतीने डम्प काढा ना.”

सगळ्यांच्या फाइली चालतात, कारण त्या सगळ्या तुमच्या १५.६ ने काढलेल्या आहेत आणि त्यांच्यात ती संरक्षक ओळच नाही. जी ओळ तुम्हाला वाचवायला घातली, तीच पुसून टाका असं तुमचे सीनियर ग्राहकाला सांगतात. मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, “ठीक आहे सर, नोट करून घेतो.” दहा मिनिटांत मेल: समस्या सोडवली.

चार महिन्यांत तुमच्याकडून जी कारणं ऐकली, त्यांचीही उत्तरं देऊन ठेवतो, म्हणजे पाचवा फोन करावा लागणार नाही.

‘५४३२ पोर्ट बाहेरून बंद आहे.’ असू दे. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून आत यायचं दार. डम्प त्यातून आत येत नाही, तुमचे कर्मचारी तो स्वतःच्या हाताने आत आणतात. हल्ला करणाऱ्याकडे रीतसर लॉगिन असतं, तोही तुमचा ग्राहकच.

‘नवी आवृत्ती स्थिर होईपर्यंत थांबतो.’ हे एवढं एक कारण मला पटतं, कारण त्यात तथ्य आहे. १५.९ ने काही एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) अडचणीत आली होती आणि आठवड्यात १५.१० काढावी लागली. १५.११ मधल्या दुरुस्तीत चूक राहिली, तीही आठवड्यात १५.१२ ने सुधारली. तेव्हा आठवडा थांबा, पंधरा दिवस थांबा, चाचणीच्या सर्व्हरवर चालवून बघा. बावीस महिने थांबणं याला पॅच न लावणं म्हणतात.

‘अजून काही झालेलं नाही.’ मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या ज्या त्रुटीवर स्लॅमर वर्म पसरला, तिचा पॅच जुलै २००२ मध्ये उपलब्ध होता. २५ जानेवारी २००३ला ३७६ बाइटच्या एका पॅकेटने जगभरची नेटवर्कं ठप्प केली. मधल्या सहा महिन्यांत ज्यांनी पॅच लावला नाही, त्यांच्याकडेही तोवर काही झालेलं नव्हतं.

आता काय करायचं ते. आधी रिस्टोअर मशीन. तिथलं क्लायंट पॅकेज, ज्यात पीएसक्यूएल येतं, वेगळं असतं. सर्व्हर पॅच झाला आणि क्लायंट जुनाच राहिला, ही नेहमीची चूक आहे, ती करू नका. ते होईपर्यंत प्रत्येक ग्राहकाचा डम्प वेगळ्या, नेटवर्क तोडलेल्या आणि काम झाल्यावर पुसून टाकायच्या मशीनवर, साध्या खात्याने उघडा. मग आमचा सर्व्हर १५.१५ वर न्या. पण पॅकेज बदलून काम संपत नाही. १५.७ मध्ये बुजवलेली सीव्हीई-२०२४-४३१७ घ्या, म्हणजे दुसऱ्याच्या टेबलांची एक्स्टेंडेड आकडेवारी कुणालाही वाचता येणं, तिची दुरुस्ती फक्त नव्याने बनवलेल्या क्लस्टरला (एका सर्व्हरवरच्या डेटाबेसांच्या संचाला) आपोआप लागते. जुन्या क्लस्टरवर त्यासोबत आलेली स्क्रिप्ट प्रत्येक डेटाबेसमध्ये चालवावी लागते, टेम्प्लेट१ आणि टेम्प्लेट० या नव्या डेटाबेसांच्या साच्यांमध्येसुद्धा. टेम्प्लेट० कनेक्शन घेत नाही, म्हणून ते तेवढ्यापुरतं उघडून लगेच बंद करायचं. ती राहिली तर पुढे बनणाऱ्या प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये तीच त्रुटी उतरेल. आणि १५.६ ने काढलेले जुने डम्प अजून साठवलेले आहेत, ते पॅच लावल्यानंतरही विश्वासाचे नाहीत. नवे बॅकअप घेऊन ते बाजूला काढा. डम्प कशाने काढला हे फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं, कुणाला विचारायची गरज पडत नाही.

तुमची सेवा आम्ही सहा वर्षं वापरली. शेजारच्या दोन संस्थांना तुमचं नाव मीच सुचवलं होतं, आणि परवा त्यांना फोन करून त्यांच्या सर्व्हरची आवृत्ती तपासायला मीच सांगितलं. दोन्हीकडे १५.६. हे मला फार लागलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि डेटा तुमच्या मशीनवर असला तरी सभासदांना उत्तर आम्हाला द्यायचं आहे. घुसखोरी झाली तर सर्ट-इनच्या (केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांत कळवावं लागतं. तुमच्या सपोर्टचं आम्हाला आलेलं सर्वांत जलद उत्तर चार दिवसांनी आलं होतं.

१५ डिसेंबरपर्यंत वर लिहिलेली कामं झाली नाहीत, तर कराराच्या सेवा-हमी कलमाखाली ऑगस्टपासूनचं भाडं परत मागणार, डेटाबेस दुसरीकडे हलवणार, आणि हा सगळा पत्रव्यवहार सर्ट-इनकडे पाठवणार. या पत्राचंही तिकीट बनवून बंद करू नका. उत्तरात ‘समस्या सोडवली’ हे दोन शब्द नकोत. आमच्या सर्व्हरची आवृत्ती, रिस्टोअर मशीनवरच्या पीएसक्यूएलची आवृत्ती आणि नव्या डम्पच्या पहिल्या दहा ओळी, एवढंच पाठवा.

आयटी विभाग प्रमुख
(ग्राहक क्रमांक व चारही कॉलच्या नोंदी तुमच्याकडे आहेत)