काळी रेघ काळीच राहते, त्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

लिनोच्या (लिनोलियम कोरून, त्यावर शाई लावून छापलेल्या) प्रिंटमध्ये जलरंग भरायचे म्हटलं की जो तो ब्रश कुठला घ्यावा ते विचारतो. तुम्ही आधी शाई कुठली ते विचारता. स्टुडिओतल्या आम्हा सगळ्यांचं काम त्या प्रश्नाने सुधारलं, म्हणून हे जाहीर आभार.

पाण्यात विरघळणारी शाई वाळली तरी ओल्या ब्रशखाली पुन्हा सुटते. पिवळ्यात काळं उतरलं की हिरवट, गढूळ डाग पडतो आणि तो काही केल्या निघत नाही. जवसाच्या तेलातली शाई वाळल्यावर पाणी झटकते, त्यामुळे रंग रेघेवर जरा चढला तरी बिघडत नाही. उलट तो चढवावाच, नाहीतर कडेला पांढरी फट राहते. साबणाने धुता येणाऱ्या तेली शाईला मात्र लोक उगाच घाबरतात. ती साबणाने निघते ती ओली असताना.

प्रश्न वाळण्याचाच आहे. ही शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, म्हणून प्रिंट एकावर एक रचायचे नाहीत, दोरीवर सुटे टांगायचे आणि पंखा चालू ठेवायचा. मुंबईच्या जुलैत कॅलेंडरवर विसंबून चालत नाही. तुमची चाचणी सोपी: टाकाऊ प्रिंटवर ओला कापूस हलका फिरवा, काळा झाला तर थांबा. शाई जाड लागली असेल तर तेल रेघेबाहेर झिरपतं आणि तिथे रंग न पसरता थेंब धरून बसतो. वॉशमध्ये, म्हणजे पातळ केलेल्या जलरंगात, ऑक्स गॉलचा (बैलाच्या पित्तापासून केलेल्या, रंग पसरवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब घातला की तात्पुरतं भागतं. खरा इलाज रोलरवर शाई कमी घेण्याचा.

कागदाचं ज्ञान तर सर्वस्वी तुमचं. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. मिनिटभर उभा राहिला तर कागदाला सायझिंग (पाणी लगेच मुरू न देणारी खळ) आहे. लगेच मुरला तर रंग टिपकागदासारखा पसरणार. अशा कागदाला छापण्याआधीच जिलेटिन द्यायचं: लिटरभर पाण्याला २० ग्रॅम, आधी थंड पाण्यात फुगवून मग कोमट करायचं. उकळलं की त्याची पकड जाते. पावसाळ्यात त्याच जिलेटिनवर बुरशी धरते, तेव्हा कागद पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात नको. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कापसाचा कागद वॉशने फारसा वाकत नाही, पण बॅरनने (कागदाच्या पाठीवर घासायच्या चकतीने) हाताने छापायला जड जातो. पातळ घेतला तर गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) बोर्डवर ताणावा लागतो. दोन्हीकडून आराम मिळत नाही, हे तुम्ही हसत सांगता.

एडिशन (एकाच ठशाच्या सगळ्या प्रती) रंगवताना एकच रंग सगळ्या प्रतींवर, मग पुढचा, फिकटापासून गडदाकडे. रंग एकदाच पुरेसा कालवून झाकणाच्या बाटलीत ठेवायचा, कारण नंतर तोच पोपटी पुन्हा जमत नाही. पारदर्शक रंगच घ्यायचे. पोस्टर कलर रेघेवर गेला की काळ्यावर पांढुरकी साय येते. अलिझरिन क्रिमझन उजेडात विटतो, त्याऐवजी न विटणारा क्विनॅक्रिडोन लाल. आणि शेवटी प्रिंटच्या पाठीवर हलका पाण्याचा फवारा मारून टिपकागदांमध्ये, वजनाखाली रात्रभर.

प्रती हुबेहूब सारख्या नसतील तर तसं पेन्सिलीने खाली लिहा, हा तुमचा आग्रहही आता सगळे पाळतात.

आपले,
स्टुडिओतली मंडळी
गिरगाव, मुंबई